मनगटाचे दुखणे : घरी काय करावे, काय टाळावे

(संस्थेच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्याच्या विषयावर बोलण्यासाठी बँकेतल्या कारकुनाला उभे केले, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. आम्ही कला शाखेचे पदवीधर. औषध लिहून देण्याचा अधिकार आम्हाला नाही आणि तो आम्ही घेणारही नाही. परंतु सुताराला जसा रंधा, तसे कारकुनाला मनगट. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि पुढे कित्येक आठवडे देशभरच्या बँकांत रात्री उशिरापर्यंत नोटा मोजल्या गेल्या. यंत्र असले तरी गड्डी सोडणे, फाटकी नोट वेगळी काढणे, पुन्हा गड्डी बांधणे हे हातालाच करावे लागते. त्या दिवसांत आमच्यापैकी अनेकांची मनगटे सुजली. तेव्हापासून या विषयाचे जे वाचले आणि जाणकार डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते आपल्यापुढे साध्या शब्दांत ठेवीत आहोत.

प्रथम हे दुखणे म्हणजे काय ते पाहू. मनगटात आठ लहान हाडे असतात. त्यांच्यावरून बोटे हलविणाऱ्या दोऱ्या, म्हणजे स्नायुबंध, सारखे पुढे-मागे सरकत असतात. हाड आणि स्नायुबंध, किंवा हाड आणि कातडी, यांचे घर्षण होऊ नये म्हणून निसर्गाने शरीरात ठिकठिकाणी पातळ पडद्याच्या चपट्या पिशव्या ठेवल्या आहेत. त्यांत थोडासा बुळबुळीत द्रव असतो. या पिशवीला डॉक्टर बर्सा म्हणतात. लॅटिन भाषेत बर्सा म्हणजे पिशवी. पैसे ठेवायची आपली पर्स हा शब्दही त्याच कुळातला. या पिशवीला सूज येऊन द्रव वाढला की त्याला बर्सायटिस म्हणतात. तेच ते काम पुन्हा पुन्हा करणे, मनगटावर सतत दाब पडणे, मुका मार लागणे ही त्याची नेहमीची कारणे. संधिवात, गाऊट किंवा जखमेतून आत गेलेले जंतू यांमुळेही तो होतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बर्सायटिस खांद्याला, कोपराला, कमरेला, गुडघ्याला अधिक होतो. मनगटाला त्या मानाने कमी. तेव्हा मनगट दुखले की बर्सायटिसच, असे धरून चालू नये. अंगठ्याच्या बाजूला दुखते, बाळ उचलताना किंवा कपडा पिळताना कळ येते, तर बहुधा अंगठ्याच्या स्नायुबंधाचे वेष्टन सुजलेले असते. स्वित्झर्लंडचे शल्यविशारद फ्रिट्झ द कर्व्हेन यांनी १८९५ साली या विकाराचे वर्णन केले आणि त्यांचेच नाव त्याला मिळाले. अंगठा, तर्जनी व मधले बोट यांना मुंग्या येतात, रात्री जाग येऊन हात झटकावासा वाटतो, तर मनगटातून जाणारी नस दाबली जात असते. मनगटाच्या पाठीवर गोल, टणक गाठ दिसते, तिला गँगलियन म्हणतात. पूर्वी ती जाड पुस्तकाने ठोकून फोडीत. तसे कोणीही करू नये. सुईने टोचू तर मुळीच नये.

हे दुखणे संगणकाने आणले, असे आपल्याला वाटते. ते पूर्ण खरे नाही. इटलीतील बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. पुढे १७१३ च्या वाढविलेल्या आवृत्तीत त्यांनी लेखनिकांचाही विचार केला. बैठे काम, हाताची तीच ती हालचाल आणि हिशेबात चूक होऊ नये म्हणून मनावरचा ताण, ही तीन कारणे त्यांनी सांगितली. तीनशे वर्षांपूर्वीचे ते वर्णन आजच्या कारकुनाला तंतोतंत लागू पडते! रोग्याला नेहमीचे प्रश्न विचारताना ‘तुम्ही काम काय करता?’ हेही विचारावे, असा त्यांचा आग्रह होता. आमच्या मते मनगटाच्या घरगुती उपचाराची सुरुवात याच प्रश्नाने झाली पाहिजे. कारण तेल, मलम आणि गोळी यांनी दुखणे तात्पुरते दबते. पण ज्या कामाने सूज आणली ते तसेच चालू राहिले, तर सूज परत येते.

आता घरी काय करावे ते सांगतो.

पहिली गोष्ट, सूज दिसताच त्या हातातील बांगड्या, अंगठी, घड्याळ लगेच काढून ठेवावे. सूज वाढल्यावर ते निघत नाही आणि रक्ताला अडथळा होतो.

दुसरी, विश्रांती. ज्या हालचालीने कळ येते ती दोन-तीन दिवस पूर्ण थांबवावी. मनगट सरळ राहील असा आधार औषधांच्या दुकानात मिळतो; तो नसेल तर क्रेप बँडेज गुंडाळावे. ते फार आवळू नये. बोटे गार, निळसर किंवा बधिर होऊ लागली तर ताबडतोब सैल करावे. बसताना-झोपताना हात उशीवर उंच ठेवावा.

तिसरी, गार शेक. बर्फ रुमालात गुंडाळून एका वेळी पंधरा ते वीस मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा ठेवावा. कातडीवर थेट बर्फ लावू नये. घरी फ्रीज नसेल तर माठातल्या पाण्यात भिजविलेली घडी चालेल. मधुमेहामुळे हाताची संवेदना कमी झालेल्यांनी बर्फ जपून वापरावा. विश्रांती, बर्फ, पट्टी आणि हात उंच ठेवणे, ही चतुःसूत्री अमेरिकेतील डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ साली रूढ केली. त्यांनीच २०१४ साली सांगितले, की फार बर्फ आणि फार विश्रांती यांनी बरे होण्यास उशीरही लागू शकतो. म्हणून बर्फ वेदना कमी करण्यापुरता, पहिले एक-दोन दिवस. आठवडेच्या आठवडे नव्हे.

चौथी, हालचाल. वेदना ओसरली की कोमट पाण्यात हात बुडवून मूठ हळूहळू उघडावी, मिटावी. मनगट वर-खाली करावे. दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. कळ आली की थांबावे. हात कित्येक दिवस बांधून ठेवला तर मनगट आखडते.

पाचवी, औषध. साध्या वेदनेला पॅरासिटामॉल पाकिटावरील प्रमाणातच घ्यावी. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या सूज उतरवितात. पण ज्यांना पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार, हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा दमा आहे, जे रक्त पातळ करणारी गोळी घेतात, आणि ज्या गरोदर आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत. शेजाऱ्याच्या घरातली उरलेली गोळी तर घेऊच नये.

आता काय टाळावे? सुजलेले, लाल झालेले मनगट गरम तेलाने जोरात चोळू नये. पहिले दोन दिवस गरम शेक देऊ नये. पडल्यावर दुखणारे मनगट कोणाकडूनही ओढून बसवून घेऊ नये. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यात दुखत असेल तर आतले लहान हाड मोडलेले असू शकते, आणि ते पहिल्या एक्स-रेमध्ये कधी कधी दिसतही नाही.

पुढील लक्षणे असतील तर घरचे उपाय सोडून दवाखाना गाठावा. मनगट लाल, गरम आणि ताप आलेला, जखमेतून पू, पडल्यानंतरची सूज, बोटांना बधिरपणा किंवा वस्तू हातातून निसटणे, दोन्ही हातांचे सांधे सुजून सकाळी तासाहून अधिक वेळ आखडलेले राहणे. पिशवीत जंतू शिरले असतील तर तेथे बर्फ आणि पट्टी कामाची नाही, प्रतिजैविक लागते. मधुमेह्यांनी तर एक दिवसही थांबू नये. इतर सर्वांनी, दोन आठवड्यांत उतार नसेल तर तपासून घ्यावे.

बंधू-भगिनींनो, हे सर्व ऐकताना आपल्यापैकी कित्येकांच्या मनात एक प्रश्न आला असेल. आम्हा नोकरदारांना रजा आहे. पण ज्या भगिनी चार घरची धुणी-भांडी करतात, जे बंधू बांधकामावर पाट्या उचलतात, जे बिड्या वळतात, त्यांनी विश्रांती कशी घ्यावी? हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचे उत्तर मलमाच्या डबीत नाही. बाहेरचे काम थांबविता येत नसेल तर निदान घरचे काम त्या हाताकडून काढून घेता येते. आई दिवसभर कपडे पिळून आली, तर रात्रीची कणिक मुलाने तिंबावी. पाण्याची कळशी वडिलांनी भरावी. जाड चादर एकाने पिळण्यापेक्षा न पिळता निथळत टाकावी. जड भांडे काठाला धरून न उचलता दोन्ही तळवे खाली घालून उचलावे. घरगुती उपचार याचा आम्ही घेतो तो अर्थ असा, की दुखणाऱ्या हाताचे काम सगळ्या घराने वाटून घ्यायचे.

विद्यार्थी मित्रांना दोन शब्द. स्पर्धा परीक्षेसाठी तासन् तास लिहिताना पेन घट्ट दाबून धरू नका. थोडे जाड, सहज चालणारे पेन घ्या. अर्ध्या तासाने हात मोकळा करा. संगणकावर मनगट वर किंवा खाली न वाकता सरळ राहील अशी बैठक ठेवा. अभ्यास संपल्यावर त्याच दमलेल्या हातात तासभर मोबाईल धरला, तर त्याला विश्रांती मिळाली असे म्हणता येणार नाही.

एवढेच सांगून आम्ही थांबतो. आज घरी गेल्यावर प्रत्येकाने आपल्या घरातील सर्वांत जास्त राबणाऱ्या व्यक्तीला तिचे मनगट दुखते का, एवढे विचारावे. बहुतेक घरांत उत्तर येईल, ‘चालायचंच.’ ते उत्तर ऐकून गप्प बसू नये, ही आमची आपणा सर्वांना विनंती आहे.