वाढती वीजबिले आणि शासकीय साहाय्याचे खरे मानकरी

(लघुउद्योजक, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



शासनाच्या योजना लोकांपर्यंत पोहोचविणे हे माझे काम. त्या निमित्ताने खेडोपाडी हिंडताना कधी कधी आपणच दोन गोष्टी शिकून परततो. असाच एक प्रसंग सांगून मी सुरुवात करतो.

एका गावी पिठाच्या गिरणीत मी माहितीपत्रके घेऊन गेलो होतो. गिरणी चालविणाऱ्या बाईंनी पत्रक हाती घेतले, पिठाने माखलेला हात पदराला पुसला आणि विचारले, "साहेब, वीज महागली म्हणजे सरकार धंदेवाल्यांना मदत करते, असे ऐकते. ती मदत मिळते कुणाला? ज्याचे बिल मोठे त्यालाच ना?" मी पत्रकातील मजकूर वाचून दाखविला. त्यात अर्ज कोठे करावा हे होते, मुदत होती, जोडावयाच्या कागदांची यादीही होती. बाईंच्या प्रश्नाचे उत्तर मात्र नव्हते. ते उत्तर शोधण्याचा आज आपण मिळून प्रयत्न करू या.

प्रथम थोडा हिशेब मांडतो. गिरणीची मोटर दहा अश्वशक्तीची, म्हणजे सुमारे साडेसात किलोवॅटची, असे धरू. ती दिवसाला चार तास पूर्ण भाराने चालली, तर ३० युनिटे वीज लागते. महिन्याचे २५ दिवस धरले तर ७५० युनिटे झाली. उलटपक्षी, विजेच्या भट्टीत एक टन लोखंड वितळविण्यास सुमारे ६०० युनिटे खर्ची पडतात. म्हणजे बाईंची गिरणी महिनाभर जेवढ्या विजेवर चालते, तेवढी वीज सव्वा टन लोखंड वितळेपर्यंत संपते. आता शासनाने "प्रत्येक युनिटामागे एक रुपया सूट" असे जाहीर केले, असे समजा. गिरणीवाल्या बाईंना महिन्याला ७५० रुपये मिळतील. महिन्याला पाच लाख युनिटे वापरणाऱ्या कारखान्यास पाच लाख रुपये मिळतील. नियम दोघांना एकच, आणि तरीही सूट तेथेच अधिक वाहत जाईल जेथे वीज अधिक जळते. बाईंच्या मनातील शंका निराधार नव्हती.

याचा धडा आपल्या गोव्याच्या इतिहासातही आहे. ३० सप्टेंबर १९९१ च्या अधिसूचनेन्वये येथील उद्योगांना वीजदरात २५ टक्के सूट देऊ करण्यात आली. उद्योग यावेत, तरुणांना काम मिळावे, हा हेतू चांगलाच होता. परंतु सूट बिलाच्या प्रमाणात असल्यामुळे जितका वापर मोठा तितकी सूटही मोठी, हे ओघाने आलेच. १९९५ मध्ये ती अधिसूचना रद्द झाली. त्यानंतर मुदत, पात्रता आणि देणी यांविषयीचे वाद न्यायालयांत गेले. अखेरीस २००२ साली विधानसभेने कायदा करून पुढील रकमा देणे थांबविले व दिलेल्या रकमांच्या वसुलीची तरतूद केली. हेतू कितीही शुद्ध असला, तरी मानकरी कोण हे आधी नीट ठरविले नाही तर पुढे काय निस्तरावे लागते, हे यावरून ध्यानी यावे.

मग मानकरी ठरवावा कसा? माझ्या अल्पमतीप्रमाणे चार कसोट्या लावून पाहाव्यात.

पहिली कसोटी अशी : वाढलेला खर्च त्या व्यावसायिकाला गिऱ्हाइकाकडून वसूल करता येतो काय? पर्यटनाच्या हंगामात मोठ्या हॉटेलास खोलीचे भाडे वाढविता येते. गिरणीवाल्या बाईंनी दळणाचा दर दोन रुपयांनी वाढविला, तर गिऱ्हाईक पलीकडच्या वाड्यावर जाते. पहाटे सायकलवरून पाव घेऊन येणाऱ्या पोदेराचीही तीच अडचण. पावाची किंमत रुपयाने वाढली तरी गावभर चर्चा होते! घाटापलीकडे बेळगावच्या शहापूर-वडगाव भागांत यंत्रमागावर मजुरीने कापड विणणारे कुटुंब तर याहूनही बांधलेले असते. सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, मजुरीचा दर व्यापारी सांगेल तो. विजेचे बिल तेवढे विणकराचे.

दुसरी कसोटी : एकूण खर्चात ऊर्जेचा वाटा किती? येथे आपण भावनेच्या आहारी जाऊ नये. शिवणकाम करणारा गरीब असेल. पण त्याच्या खर्चात विजेचा वाटा अल्प असतो. त्याची गरज खरी आहे. मात्र वीजबिलातील सूट हा तिच्यावरचा उपाय नव्हे. बर्फाच्या कारखान्याचे तसे नाही. पाणी आणि वीज, या दोहोंवरच त्याचा सारा धंदा. म्हणून केवळ लहान म्हणून पात्र आणि केवळ मोठा म्हणून अपात्र, असा सरधोपट निवाडा करणे योग्य होणार नाही.

तिसरी कसोटी : तो व्यवसाय बंद पडला तर आणखी कोणाची चूल विझते? बर्फाचा कारखाना बंद पडला की रापणकाराची मासळी किनाऱ्यावर नासते. ओतकामाच्या कारखान्यास टाळे लागले की तेथील मजुरांबरोबर समोरचा चहावाला आणि खानावळही बसते. गिरणी बंद पडली तर वाड्यावरच्या म्हातारीला दळणाचा डबा घेऊन बस पकडावी लागते. मदत मागणारा एकटा दिसतो. त्याच्या पाठीमागे उभे असलेले लोकही पाहिले पाहिजेत.

चौथी कसोटी : तो स्वतः वापर कमी करण्यास तयार आहे काय? जुनी, अनेकदा गुंडाळलेली मोटर, सैल पट्टा, नसलेला कपॅसिटर, गरजेपेक्षा अधिक मंजूर करून घेतलेला भार, यांपायी कितीतरी पैसा दरमहा वाया जातो. अशा ठिकाणी बिलात सूट देणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी ओतणे होय. त्यापेक्षा चांगली मोटर घेण्यास किंवा छपरावर सौरसंच बसविण्यास एकदाच साहाय्य केले, तर ते वर्षानुवर्षे पुरते. दरवाढ तात्पुरती असेल तर तेवढ्या काळापुरता हात द्यावा. ती कायमची असेल तर यंत्र बदलण्यास बळ द्यावे. हा विवेक महत्त्वाचा आहे.

श्रीमंत राष्ट्रांनाही हा विवेक सुचण्यास वेळ लागला. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि युरोपात नैसर्गिक वायूचे व विजेचे आधीच चढलेले दर भडकले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून सहा महिने ब्रिटनच्या सरकारने कारखाने, दुकाने, शाळा, रुग्णालये अशा घरगुती नसलेल्या ग्राहकांना सरसकट साहाय्य दिले. त्याचा खर्च सुमारे १८ अब्ज पौंडांवर गेल्याचा अंदाज होता. हा भार पेलणारा नाही, हे उमगताच एप्रिल २०२३ पासूनच्या वर्षासाठी साडेपाच अब्ज पौंडांची मर्यादा घालण्यात आली. सर्वसाधारण व्यवसायांची सूट घटविली गेली. ज्या उद्योगांत ऊर्जा फार लागते आणि ज्यांना परदेशी मालाशी टक्कर द्यावी लागते, त्यांना मात्र अधिक साहाय्य ठेवले गेले. वस्तुसंग्रहालये व ग्रंथालये यांचाही त्या अधिक साहाय्याच्या यादीत समावेश होता. संकटाच्या पहिल्या घटकेला सर्वांना छत्री धरली, हे समजण्यासारखे आहे. पुढे मात्र निवड करावीच लागली.

निवड कशी करता येते याचे एक उदाहरण आपल्या शेजारीच आहे. कर्नाटक शासनाने २०२३ साली दहा अश्वशक्तीपर्यंतच्या यंत्रमागांना महिन्याला २५० युनिटांपर्यंत वीज मोफत देण्याचा निर्णय घेतला. यात दोन मर्यादा आहेत : यंत्राच्या शक्तीची आणि युनिटांची. त्यामुळे सवलत लहान विणकराच्या दारी थांबते. मोठ्या धन्याकडे वाहून जात नाही. योजनेचे इतर गुणदोष काहीही असोत, मर्यादा घालण्याची ही रीत अभ्यासण्याजोगी आहे.

कोणी म्हणेल, "शासनाचाच पैसा, सर्वांना दिला तर बिघडले काय?" बंधूंनो, गोव्यास लागणारी बहुतेक सर्व वीज राज्याबाहेरून, कोरबा-विंध्याचलसारख्या दूरच्या केंद्रांतून विकत आणावी लागते. तिचे दर संयुक्त वीज नियामक आयोग ठरवितो. एखाद्या वर्गास त्या दरात सूट द्यावयाची झाल्यास राज्य शासनाने तेवढी रक्कम आगाऊ भरली पाहिजे, असे २००३ च्या वीज कायद्याचे ६५ वे कलम सांगते. ती रक्कम येते तुमच्या-आमच्या करांतून. आरोग्यकेंद्रातील औषध आणि शाळेचे छप्पर यांचाही वाटा त्याच थैलीत असतो. गरज नसलेल्याच्या हाती गेलेला प्रत्येक रुपया गरजवंताच्या ताटातून उचललेला असतो.

आता पुन्हा त्या गिरणीकडे वळतो. बाईंना मी अर्ज करावयास सांगितले, तेव्हा त्यांनी बिल पुढे केले. वीजजोडणी दिवंगत सासऱ्यांच्या नावावर! गिरणी चालवितात सूनबाई, बिल भरतात सूनबाई. कागदावर मात्र त्या कोणीच नाहीत. सर्व कसोट्यांना उतरणारी व्यक्ती कागदाच्या उंबरठ्यावर अडते, आणि ज्याच्यापाशी हिशेबनीस आहे त्याचा अर्ज पहिल्याच दिवशी दाखल होतो. भाड्याच्या जागेत भट्टी लावणाऱ्या पोदेराचेही तसेच. बिल जागामालकाच्या नावे, तेव्हा सूटही त्याच्याच नावे. बिल पाहून साहाय्य देणारी कोणतीही योजना या लोकांना ओलांडून पुढे जाईल.

म्हणून माझी तिघांना तीन नम्र विनंत्या आहेत. अधिकारी मित्रहो, यादी कचेरीत बसून करू नका. गिरणीत, भट्टीपाशी, मागापाशी जाऊन यंत्र कोण चालवितो ते पाहा. शिक्षक बंधु-भगिनींनो, जोडणीचे नाव बदलण्याचा अर्ज, मंजूर भार कमी करण्याचा अर्ज, एवढे दोन कागद लिहून देण्यास शनिवारची एक दुपार द्या. आणि ग्रामस्थहो, शेजाऱ्याची अडचण खरी असेल तर पंचायतीत तिची साक्ष द्या. आपली अडचण खरी नसेल तर रांगेतून बाजूला होण्याचा मोठेपणा दाखवा.

त्या बाईंच्या प्रश्नाला मी आज असे उत्तर देईन : "बाई, मदत ज्याचे बिल मोठे त्याला नव्हे, तर ज्याला ते बिल दुसऱ्यावर ढकलता येत नाही आणि ज्याच्या बंद दारामुळे गाव अडते, त्याला मिळावयास हवी." हे उत्तर पत्रकात छापणे सोपे आहे. ते खरे करून दाखविणे तुमच्या-माझ्या हाती आहे. बाईंच्या जोडणीचे नाव बदलण्याचा अर्ज मी त्याच दिवशी, पिठाच्या डब्यावर कागद ठेवून, लिहून दिला. आपल्या गावातही असा एखादा अर्ज लिहावयाचा राहिला असेल. तो शोधावा, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद!