मिहान : माल कोणाचा, जमीन कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या बैठकीतील भाषण)



विमानतळ म्हटले की आपल्यापुढे प्रवासी उभा राहतो. परंतु जगाच्या व्यापारातील शेकडा एकाहूनही कमी वजनाचा माल विमानाने जातो, आणि मूल्याने मात्र तो सुमारे एक तृतीयांश भरतो. औषधे, यंत्रांचे सुटे भाग, इलेक्ट्रॉनिक वस्तू असा हा माल. मोठ्या विमानतळाचे धोरण त्याला वगळून ठरत नाही.

नागपूरला हे नवे नाही. 1949 साली, रफी अहमद किडवाई दळणवळणमंत्री असताना, रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत परतत. याच तत्त्वावर 1973 साली अमेरिकेत मेम्फिस येथे एका खासगी कंपनीने 14 विमानांनिशी पार्सलांचा धंदा उभारला. तत्त्व एक, हेतू दोन. येथे सामान्य माणसाचे पत्र वेगाने पोहोचावे हा हेतू होता. तेथे नफा हा.

2002 साली राज्य सरकारने महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापिली. मिहानच्या नावातच आंतरराष्ट्रीय मालवाहतूक केंद्राचे आश्वासन आहे. त्यासाठी शिवणगाव, खापरी, कलकुही, तेल्हारा येथील शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. काही कारखाने, संगणक कंपन्या व विमानदुरुस्तीची कार्यशाळा आली. आश्वासन दिलेले केंद्र मात्र उभे राहिले नाही. कारण उघड आहे. जगातील निम्मा हवाई माल प्रवासी विमानांच्या पोटातून जातो, आणि नागपुरातून परदेशी जाणारी विमाने मोजकीच आहेत. केवळ जमीन संपादून विमाने येत नाहीत.

संत्रा विमानाने जाईल, हेही बागायतदारास सांगण्यात आले. वजनाने जड व भावाने स्वस्त फळाला विमानाचे भाडे परवडत नाही. आपला संत्रा बांगलादेशात जातो तो ट्रकने. तेथील आयातशुल्क 2019 नंतर वाढत गेले, तेव्हा विमानतळ त्याच्या कामी आला नाही.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. संपादित जमिनीपैकी किती वापरात आहे याचा हिशेब जाहीर व्हावा. प्रकल्पग्रस्तांचे पुनर्वसन पूर्ण व्हावे आणि त्यांच्या मुलांना कंत्राटी नव्हे, कायम नोकऱ्या मिळाव्यात. शीतगृहे व प्रक्रिया केंद्रे बागायतदारांच्या सहकारी संस्थांच्या हाती यावीत.

आपला विरोध विमानाला नाही. ज्यांच्या शेतातून धावपट्टी जाते, त्यांच्या घरी त्या मालाचा काय वाटा पोहोचतो, एवढेच आपण विचारीत आहोत. आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहू.