कर आपण भरतो, मग उपचार मागताना संकोच कशाला?
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही जरा वेगळ्या विषयावर बोलणार आहोत. सरकारचा कर, सरकारच्या योजना आणि आपलं औषधपाणी. विषय थोडा रुक्ष वाटेल. पण आजारपणाच्या कर्जात आपल्या वस्तीतली किती घरं बुडाली, हे आपणा सर्वांना ठाऊकच आहे. म्हणून शांतपणे ऐकून घ्यावं, ही विनंती.

आपल्यात एक समज घट्ट बसलेला आहे. टॅक्स भरतात ते साहेब लोक, शेठ लोक. आपण गरीब माणसं, आपण कुठं टॅक्स भरतो? आणि जो भरत नाही त्यानं सरकारकडे कोणत्या तोंडानं मागायचं? बंधूंनो, हा समज मुळातच चुकीचा आहे. इन्कम टॅक्स थोडे लोक भरतात हे खरे. परंतु जीएसटी, जो १ जुलै २०१७ पासून लागू झाला, तो आपल्यातला प्रत्येक जण भरतो. दात घासायच्या पेस्टवर कर, अंगाच्या साबणावर कर, केसांच्या तेलावर कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून या वस्तूंचा दर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला ही चांगली गोष्ट झाली, पण कर कमी झाला, गेला नाही. पाकीटबंद पिठावर ५ टक्के, मोबाईलच्या रिचार्जवर १८ टक्के. मोटारसायकलच्या पेट्रोलवर केंद्राचा उत्पादन शुल्क वेगळा आणि राज्याचा व्हॅट वेगळा. पोरांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जातो, पुरुष कामगाराचा महिना दहा हजारांच्या वर पगार असला की वर्षाला अडीच हजार. हा कर महाराष्ट्राने १९७५ साली बसवला तो रोजगार हमीच्या कामांसाठी पैसा उभा राहावा म्हणून. म्हणजे पगारदाराने भरायचे आणि दुष्काळात हाताला काम नसलेल्याला मजुरी मिळायची. कर कशासाठी असतो, याचं याहून सोपं उदाहरण आम्हाला माहीत नाही.

आता दुसरी बाजू बघा. धुणीभांडी करणारी आपली ताई आणि ती ज्या बंगल्यात काम करते तिथली बाई, दोघी एकाच साबणाच्या वडीवर सारखाच कर देतात. पण ताईचा सगळा पगार महिनाअखेर संपतो, बंगल्यात शिल्लक राहते. मग मिळकतीच्या मानाने भार कोणावर जास्त पडला?

हाच प्रश्न बाबासाहेबांनी १९२७ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलताना उभा केला होता. ज्याला उत्पन्न नाही त्याला इन्कम टॅक्स नाही; मात्र एक-दोन एकराच्या शेतकऱ्याला, पीक येवो न येवो, शेतसारा भरावाच लागतो, हा कुठला न्याय, असा त्यांचा सवाल होता. पुढच्याच वर्षी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचे बिल आले. त्याला पाठिंबा देताना, लोकांच्या कल्याणाची काळजी ही मुळात सरकारची जबाबदारी आहे, तेव्हा या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, असे त्यांनी मांडले. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. व्हाइसरॉयच्या मंडळात ते मजूरमंत्री असताना, १९४४ साली, कामगारांच्या आरोग्य विम्याचा अडारकर अहवाल आला आणि त्यातून १९४८ चा ईएसआयचा कायदा झाला. आपल्यातल्या कितीतरी गिरणी कामगारांची पोरं त्या दवाखान्यांच्या औषधांवर मोठी झाली.

त्याच्याही कितीतरी आधी, दीघनिकायातल्या कूटदंत सुत्तात भगवंतांनी महाविजित राजाची गोष्ट सांगितली आहे. राज्यात लुटालूट माजलेली आणि राजाला मोठा यज्ञ करायचा होता. पुरोहिताने सांगितले, महाराज, अशा वेळी नवा कर बसवणे योग्य नाही. शेतकऱ्याला बी द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, चाकरांना वेतन द्या. राजाने तसे केले. लोक आपापल्या कामाला लागले, खजिनाही भरला आणि माणसं घराची दारं उघडी टाकून निर्धास्त राहू लागली.

आता आपल्या गल्लीत येऊ. दोन वर्षांपूर्वी वस्तीतल्या एका बाबांना छातीत कळ आली. पोरांनी त्यांना एका मोठ्या ट्रस्टच्या इस्पितळात नेले. खिडकीवर आधी डिपॉझिट मागितले. पोरांनी सावकाराकडून शेकडा पाच रुपये महिना व्याजाने पैसे उचलले. बाबा वाचले, पण ते कर्ज अजून फिटलेले नाही. रेशनकार्ड त्या वेळी थोरल्या मुलाच्या खिशात होते; त्याचा उपयोग काय, हे त्या खिडकीवरच्या कोणीही सांगितले नाही.

म्हणून तीन गोष्टी घरोघरी माहीत पाहिजेत.

पहिली, धर्मादाय इस्पितळे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून महाराष्ट्रातील अशा इस्पितळांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. इतर रुग्णांच्या बिलातील २ टक्के रक्कम त्यासाठी वेगळ्या निधीत जाते. तातडीच्या वेळी आधी दाखल करून जीव वाचवायचा, हा त्यात नियम आहे. या संस्थांना करात सूट मिळते. त्यांनी न भरलेला कर शेवटी तुमच्या-आमच्याच अंगावर पडतो. मग ती खाट उपकाराची कशी?

दुसरी, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना. २०२३ च्या निर्णयाने ती सर्व रेशनकार्डधारक कुटुंबांना खुली झाली आणि दीड लाखाची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांवर गेली. योजनेत असलेल्या इस्पितळात आरोग्यमित्र बसतो. पैशाची जुळवाजुळव करण्याआधी त्याला गाठायचं.

तिसरी, सरकारी दवाखाने. आरोग्य विभागाची जिल्हा व ग्रामीण रुग्णालये आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे येथे १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. आणि तातडीच्या रुग्णाला सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार नाकारणे म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच दिला आहे.

मात्र एवढ्यावर खूश होऊन चालणार नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारी खर्च २०२५ पर्यंत देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर न्यायचे ठरले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता, आणि देशाच्या एकूण आरोग्यखर्चातले शंभरातले ३९ रुपये लोकांनी खिशातून भरले. विमा योजना प्रामुख्याने दाखल झालेल्या रुग्णाची. बीपी-शुगरची रोजची गोळी, पोराचा ताप, म्हातारीचा खोकला यांना लागतो तो कोपऱ्यावरचा दवाखाना, डॉक्टर हजर असलेला आणि औषध शिल्लक असलेला. तो चालू ठेवायला पैसा लागतो आणि पैसा कुठं घालायचा हे आपण निवडून दिलेली माणसं ठरवतात. मतं मागायला येतील तेव्हा गटार आणि नळाबरोबर त्यांना हेही विचारा: दवाखान्यात औषध का नाही?

शेवटी एक काम. रेशनकार्ड, सर्वांची आधार कार्डे आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, एवढे कागद एका पिशवीत घालून ती पिशवी घरात सर्वांना ठाऊक असेल अशा जागी टांगा. दाखला जुना झाला असेल तर वेळेवर नवा काढा. ज्यांना फॉर्म भरता येत नाही त्यांनी दर रविवारी वंदनेनंतर थांबावे. आमची शिकलेली पोरं भरून देतील. रात्री-अपरात्री कोणावर वेळ आली तर सावकाराच्या दारात जाण्याआधी आम्हाला हाक मारा. आम्ही बरोबर येऊ.

जयभीम.