रिकामा रंगमंच आणि प्रेक्षक



जाफराबादसारख्या तालुक्याच्या गावी नाटकाचा विषय निघाला की तक्रार ठरलेली : पडदे नाहीत, नेपथ्य नाही, मग नाटक व्हावे कसे?

उत्तर आपल्याच मराठवाड्याने देऊन ठेवले आहे. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नाट्यशास्त्र शिकविणाऱ्या प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी १९७९ साली ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ रंगभूमीवर आणले. नट एकटा, पात्रे ५२. मंचावर ना गाव, ना विमान. तरी प्रेक्षकांना दोन्ही दिसली. पुण्यात १९७२ साली आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये तर ओळीने उभी राहिलेली माणसेच पडदा झाली.

हे घडते कसे? नट ज्या उंचीवर नजर ठेवून बोलतो, त्या उंचीचा माणूस आपण मनाने तेथे उभा करतो. पुढच्याच वाक्याला ती नजर ढळली, की तो माणूस नाहीसा होतो आणि प्रेक्षक चुळबुळू लागतो. तमाशात एक फेरी मारली की गाव बदलते, हे आपल्या आजोबांना कोणी शिकविले नव्हते. तेव्हा प्रेक्षक तयारच आहे. रिकाम्या मंचावर पडद्यांचा खर्च वाचतो. तालमीचे कष्ट मात्र दुप्पट होतात. तेवढे सोसायची तयारी असेल, तर आपल्या गावी नाटक आजही उभे राहील.