आजींची स्पॅनिश

ग्वातेमालातल्या आंतिग्वा गावी स्पॅनिश शिकवण्याची रीत न्यारी. एका शिक्षकासमोर एकच विद्यार्थी, रोज चार तास. बाकीचा दिवस एखाद्या कुटुंबात पाहुणा म्हणून राहायचं. खरं सांगायचं तर भाषा आली ती स्वयंपाकघरातच. मक्याच्या तोर्तिया भाकरीसारख्या हातावर थापता थापता घरच्या बाई माझी क्रियापदं सुधारत. 'मे गुस्ता' म्हणजे 'मला आवडतं'. ही रचना सोबतच्या अमेरिकन मुलाला छळायची. आपल्या मराठी माणसाला ती घरचीच!

घरातल्या आजी मात्र लेकीशी काक्चिकेल या माया भाषेत बोलत आणि नातवंडांशी स्पॅनिशमध्ये. 2003च्या कायद्याने माया भाषांना राष्ट्रीय भाषांचा दर्जा दिला आहे. मग असं का? आजी म्हणाल्या, "ही भाषा बोललं की शाळेत मार बसायचा. पोरांना तो नको."

म्हणजे आजीही स्पॅनिश अशाच, दिवसभर कानावर पडून शिकल्या होत्या. मी हौसेने, पैसे मोजून. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

निघण्यापूर्वी मी त्यांच्याकडून 'मात्योश' हा आभाराचा शब्द शिकून घेतला. धाकट्या नातवानेही तो माझ्यामागून दोनदा म्हणून पाहिला.