मुलांच्या हाती कॅमेरा, समोर मराठीची वही
(प्राथमिक शिक्षकांच्या कार्यशाळेत केलेले भाषण)



तिसरी-चौथीच्या मुलांना डिजिटल कॅमेरा शिकवणे हा विषय भाषेच्या व्यासपीठावर कशाला, असे कुणी विचारील. मी तो मराठीच्या वहीसाठी मांडतो आहे.

आपल्या गोव्यातील मराठी शाळेत येणारी बहुतेक मुले घरी कोंकणी बोलतात. ‘गणेशचतुर्थी’वर निबंध लिहा म्हटले की मार्गदर्शिकेतला निबंध वहीत उतरतो. त्यात मोदक असतात, ढोलताशे असतात. पण त्यांच्या घरी मूर्तीवर टांगलेली माटोळी नसते. मूल खोटे लिहीत नाही, उसने लिहिते. स्वतः पाहिलेले लिहिण्याजोगे असते, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

वेंडी एवल्ड या अमेरिकन छायाचित्रकार बाईंनी केंटकीच्या डोंगराळ भागातील मुलांच्या हाती कॅमेरे दिले. मुलांनी आपली माणसे, जनावरे, एवढेच काय, स्वप्नेसुद्धा टिपली. ते काम १९८५ मध्ये पुस्तकरूपाने आले. पुढे त्यांनी उत्तर कॅरोलायनातील डरहॅमच्या शाळांत छायाचित्रांतून लेखन शिकवण्याचा उपक्रम उभा केला. त्या काळी फिल्म होती, प्रत्येक चित्राला पैसे पडत. डिजिटल कॅमेऱ्याने तो खर्च वाचवला, पण अडचणही आणली: मूल तासाभरात शंभर चित्रे काढते आणि एकही पाहत नाही.

म्हणून शिकवण्याची सुरुवात मर्यादेपासून करावी. चार मुलांत एक कॅमेरा आणि प्रत्येकाला चारच चित्रे. कॅमेरा नसेल तर सिमकार्ड काढलेला जुना फोन चालतो. पहिल्या दिवशी चित्र काढायचेच नाही; पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडून त्यातून अंगण पाहायचे आणि चौकटीत काय आले, काय राहिले ते सांगायचे. दुसऱ्या दिवशी हाताळणी: दोरी मनगटात, कोपरे अंगाशी, भिंगाला बोट नाही, ऊन पाठीमागे. बटण आधी अर्धे दाबायचे, चित्र स्पष्ट झाले की पूर्ण. वस्तू लहान दिसली तर झूम करण्याआधी दोन पावले पुढे जायचे. एवढे दोन तासिकांत होते. बाकीचे मुले एकमेकांना शिकवतात.

खरा तास त्यानंतरचा. चारांतले एक चित्र निवडायचे आणि तेच का, हे एका वाक्यात लिहायचे. मग चित्रात दिसते ते पाच वाक्यांत आणि चौकटीबाहेर राहिले ते दोन वाक्यांत. चवथीच्या सुट्टीत माटोळीचे चित्र काढायला सांगून पाहा. कांगलां, घागऱ्यो, आंबाडे, सुपारीचे शिपटे: चित्र समोर असल्यावर प्रत्येक फळाला नाव द्यावेच लागते. मुलाला ते ठाऊक नसेल तर आजीला विचारावे लागते. आजीने सांगितलेला शब्द वहीत तसाच लिहू द्यावा; त्यावर तांबडी रेघ मारू नये. शेजारी मराठी शब्द असेल तर तोही लिहावा, नसेल तर वाक्य मराठी आणि नाव घरचे. असे शब्द आल्याने मराठी बिघडत नाही, तिचा संसार वाढतो.

दोन पथ्ये मात्र कडक पाळावीत. माणसाचे चित्र काढण्याआधी त्याला विचारायचे. ‘नको’ म्हटले तर कॅमेरा खाली. ही शिकवण भाषेच्या तासाला परकी नाही, कारण विनंती कशी करावी हेही भाषाच शिकवते. आणि मुलांचे चेहरे असलेली चित्रे शिक्षकाने कुठल्याही व्हॉट्सॲप गटावर टाकू नयेत. ती शाळेच्या भिंतीवर लागावीत, पालकांनी येऊन पाहावीत.

चित्र तिरपे आले, डोके कापले गेले, तर शिक्षकाने हळहळू नये. चांगला छायाचित्रकार घडवणे हे आपले काम नव्हे. तिरप्या चित्राखाली मुलाने स्वतःचे एक खरे वाक्य लिहिले, तर तास सार्थकी लागला.

मराठी शाळांच्या पटाची चिंता आपण दरवर्षी करतो, ती रास्तच आहे. पण जी मुले आज वर्गात आहेत, त्यांना आपले घर मराठीत लिहिता येते का, हा प्रश्न पटाइतकाच निकडीचा आहे. ज्या भाषेत आपले अंगण लिहिता येते, ती भाषा माणूस सहसा सोडत नाही. येत्या चवथीआधी आपापल्या शाळेत एक कॅमेरा आणि चार मुले, एवढ्यावर सुरुवात करावी, ही विनंती.