अस्तराचं सूत

आज येताना पिशवीत दोन चिंध्या घेऊन आले आहे. त्यातली ही पहिली, सुती. हिच्या कडेला कातरीनं बोटभर चीर दिली आहे. आता ऐका.

(कापड फाडल्याचा आवाज)

एका दमात, सरळ गेलं. हातात टेप नाही, खडू नाही, समोर रेघ नाही, तरी सरळ गेलं. कारण सुती कापड फाटतं ते सुताच्या वाटेनं. दुसरी चिंधी पॉलिस्टरच्या जॉर्जेटची आहे. रेडिओवर ऐकवावं असं तिच्यातून काही निघत नाही. ती पिशवीतच राहू द्या, तिच्याकडे नंतर येऊ.

मी वर्धा जिल्ह्यातल्या गिरडची. समुद्रपूर तालुक्यातलं हे गाव बऱ्याच जणांना माहीत आहे ते टेकडीवरच्या बाबा फरीदांच्या दर्ग्यामुळं. हिंदू, मुसलमान सगळेच तिथं येतात. मी मात्र गावात शिलाई मशीन चालवते. पोलकी, परकर, शाळेचे गणवेश, आणि पावसाळा सरला की गोधड्या. आज बोलायचं आहे ते गोधडीबद्दल. पण वरच्या रंगीत ठिगळांबद्दल नाही. त्यांचं कौतुक करायला पुष्कळ लोक आहेत. मला बोलायचं आहे खालच्या बाजूबद्दल, म्हणजे अस्तराबद्दल.

ठिगळं वाकडी असली तर शोभून जातात. गोधडी आहे, तिला चालतं. अस्तर वाकडं असलं तर मात्र ते कधीच गप्प बसत नाही. पहिल्या धुण्यानंतर एक कोपरा लांब येतो, मधे झोळ पडतो, खाली चुण्या धरतात, आणि चार वर्षांनी टाके तुटायला लागतात ते नेमके त्या चुण्यांपाशी. हे मला माझ्या आजीनं शिकवलं. तिला वाचता येत नव्हतं, इंच-फूट कळत नव्हतं. ती मोजायची वीत आणि हात. पण अस्तर गुण्यात, म्हणजे काटकोनात, आणायला तिच्याइतकं पक्कं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही. मी कातरी हातात घेतली की ती म्हणायची, "सूत कुठं जाते ते पाय. कातरी कुठं जाते ते नोको पाऊ."

आता हे सूत म्हणजे काय ते जरा नीट सांगते. मागावर उभे धागे ताणून बांधलेले असतात, आडवा धागा त्यांच्यातून जातो. माग सोडताना दोघांचा काटकोन असतो. पण गिरणीचं कापड तिथं थांबत नाही. ते धुतात, रंगवतात, छापतात, खळ देतात आणि शेवटी दोन्ही काठ धरून गरम यंत्रातून ओढत नेतात. त्या ओढीत एक काठ जरा पुढं गेला की आडवं सूत तिरकं होतं. मग ठाणाची घडी घातली, इस्त्री झाली, दुकानात ते सरळच दिसतं. दुकानदार टेप लावून, कातरीनं सरळ कापून देतो. त्या बिचाऱ्याची चूक नाही, त्याची कातरी सरळच गेली. सूत तिरकं होतं. घरी येऊन धुतलं की ओढ सुटते, धागे आपल्या मूळ जागी जायला बघतात आणि कापडाचा चौकोन एका बाजूला कलतो.

म्हणून पहिलं काम भिजवणं. रात्रभर पाण्यात ठेवायचं, खळ जाऊ द्यायची, न पिळता सावलीत वाळवायचं. नवं सुती कापड पहिल्या पाण्यात शंभर इंचाला तीन ते पाच इंच सहज आटतं. वरची ठिगळं जुन्या साड्यांची, पन्नास वेळा धुतलेली, त्यांचं जे आटायचं ते केव्हाच आटून गेलेलं. खाली कोरं अस्तर तसंच लावलं तर पहिल्या धुण्यात खालचं आखडतं आणि वरचं पापडासारखं फुगतं. आमच्याकडं अस्तराला जुनंच लुगडं घ्यायची रीत होती, ती फक्त गरिबीपोटी नव्हती. फक्त नऊवारी जुनं घेताना एक बघावं लागतं. कासोट्याचं लुगडं बसण्याच्या जागी आधी विरतं. उजेडासमोर धरलं की कळतं. तो भाग गाळायचा.

मग फाडणं. टोकापासून चार बोटं आत चीर द्यायची आणि या काठापासून त्या काठापर्यंत फाडत न्यायचं. कापड नाजूक असेल, फाडवत नसेल, तर चिरेपाशी एक आडवा धागा नखानं उचलून ओढायचा. तो हळूहळू निघत येतो आणि कापडात त्याच्या जागी बारीक रेघ उमटते. त्या रेघेवर कातरी चालवायची. वर्ध्याच्या हातसुताच्या खादीवर मी हेच करते. वर्ध्यात 1938 मध्ये गांधीजींच्या हस्ते उघडलेलं मगन संग्रहालय आहे, तिथली खादी कधी कधी घेते. हातानं काततात ते सूत कुठं जाड, कुठं बारीक. फाडताना जाड जागी अडकतं. धागा ओढून कापलेलं बरं.

दोन्ही टोकं अशी सरळ झाली की कापड दुमडून काठाला काठ लावायचा. फाडलेली टोकं एकावर एक बसली तर उत्तम. नाही बसली, एक वीतभर पुढं सरकलं, तर समजायचं की सूत कललं आहे. तिथं पुन्हा कातरी लावायचा मोह होतो. लावायची नाही. कापड ओलं करायचं, दोघींनी समोरासमोरचे दोन कोपरे धरायचे, जो कर्ण आखूड आहे त्याचेच, आणि ओढायचे. थोडं थोडं, सगळीकडून. दर्जी ज्याला उरेब म्हणतात ती दिशा ही, कापड इथंच लवतं. मी लहानपणी त्या ओढाओढीत दोन-तीनदा ओसरीवरून खाली पडले आहे.

शेवटची पारख गवंड्याची. घराचा पाया आखताना गवंडी नुसत्या चार बाजू मोजून थांबत नाही. सुतळीनं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजतो. समोरासमोरच्या बाजू सारख्या असूनही चौकोन कललेला असू शकतो. कर्ण सारखे भरले तरच तो गुण्यात. आजी सुतळी लावायची. मी फरशीच्या सांध्यांवर कापड पसरते; रेषा आपोआप सांगतात. सारवलेल्या जमिनीत ही सोय नव्हती, पण तिथं कापड सरकत नसे, हेही खरं.

कोपऱ्यांवर वजन ठेवावं लागतं. आमच्या टेकडीवर गोल गोल गोटे सापडतात. व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली म्हणून त्यांचा सगळा माल दगड झाला, अशी कथा आहे. भूशास्त्रवाले त्यांना झिओलाइट म्हणतात, काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत तयार होतात म्हणे. मी एकदा चार चांगले गोटे आणून अस्तराच्या कोपऱ्यांवर ठेवले होते. आजीनं शिवण थांबवली, मला परत टेकडीवर पाठवलं. "बाबाचा माल हाय तो." त्या गोधडीच्या कोपऱ्यांवर मग पाटा, वरवंटा, खलबत्ता आणि पाण्याचा तांब्या बसला.

हे सगळं माझ्यापुरतंच राहिलं असतं. पण दोन वर्षांपूर्वी भाचीचा फोन आला. ती न्यू जर्सीत असते. तिकडं ठिगळांच्या गोधड्या शिवायचा मोठा नाद आहे. माझी बहीण गेल्यावर तिच्या सुती साड्यांची ठिगळं जोडून भाचीनं वरची बाजू केली, पाच फूट बाय सात फूट. अस्तराला मी आजीचं लुगडं पाठवलं होतं, दोनदाच नेसलेलं. टाके घालायला ती एका दुकानातलं यंत्र तासावर घेणार होती. त्या यंत्राला लाँगआर्म म्हणतात. भाची रडकुंडीला आली होती. "मावशी, अस्तर वाकडं आहे म्हणून परत दिलं गं."

तिनं मला फोनवर यंत्र दाखवलं. दहा-बारा फूट लांब चौकट, तिला आडवे रूळ. अस्तर या रुळापासून त्या रुळापर्यंत ताणून टाचतात, वर कापूस, वर ठिगळं. कापड जागच्या जागी राहतं आणि मशीनचं डोकंच चौकटीवरून पुढं-मागं फिरतं. एक पट्टा शिवून झाला की रूळ फिरवून पुढचा घ्यायचा. ते पाहिलं आणि दुखणं लगेच लक्षात आलं. वाकडी चटई गुंडाळून बघा. दोन-तीन वेढ्यांपर्यंत कळत नाही, मग एक बाजू घट्ट आणि दुसरी सैल होत जाते. जमिनीवर हातानं शिवताना आपण जादा कापड हळूच कडेकडे सरकवत नेतो. रुळाला ती सवलत नाही. सैल बाजूला खालून चुण्या शिवल्या जातात, आणि त्या दिसतात गोधडी उतरवल्यावर.

तिनं लुगडं कातरीनं कापलं होतं, तेही काठासकट, न भिजवता. मग आम्ही फोनवरच पुन्हा पहिल्यापासून केलं. यंत्राला अस्तर चारही बाजूंनी चार-चार इंच जास्त लागतं, कडेला चिमटे लावायला. म्हणजे 60 बाय 84 च्या गोधडीला 68 बाय 92. लुगड्याचा पन्हा 45 इंच. काठ दोन-दोन इंचांचे, ते काढायला लावले. काठाची वीण घट्ट, तो वेगळा आटतो, शिवणीत राहिला तर आयुष्यभर ओढत राहतो. उरले 41. दोन पाट जोडून, शिवणीचा इंच जाऊन, 81.

इथं ती अडली. जोडाची शिवण रुळाला समांतर हवी असं तिला सांगितलं होतं. ते बरोबरच आहे. शिवण रुळाला आडवी आली की गुंडाळताना जाडी एकाच जागी चढत जाते, मधे उंचवटा आणि दोन्हीकडं झोळ. पण पाट आडवे जोडले तर लांबी भरते 81, आणि हवी 92. अकरा इंच कमी. उभे जोडले तर पुरतं, पण शिवण नको त्या दिशेनं. भाची तिसरा तुकडा जोडायला निघाली होती. मी म्हटलं, "अगं, गोधडीच आडवी लाव की!" गोधडीची लांब बाजू रुळावर घेतली की उभी शिवण आपोआप रुळाला समांतर होते. चौकट लांब होतीच. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. त्यातून साडेसात फुटांहून थोडे मोठे दोन पाट काढून, फाडण्यात गेलेलं जाऊन, अकरा फूट लुगडं उरलं. काढलेल्या काठाची तिनं कडेला पट्टी लावली. आजीही तेच करायची; हे मी तिला सांगितलं नव्हतं.

आता ती दुसरी चिंधी. गेल्या आठवड्यात एक बाई नातवाच्या दुपट्यासाठी याच जातीची, सासूची साडी घेऊन आल्या. आधीच्या पिढीची लुगडी सुती होती; त्यांच्या सासूबाई नेसल्या त्या सगळ्या पॉलिस्टरच्या. ही साडी फाडता येत नाही, आणि धागा ओढला तर साडी चुरगळून गोळा होते. ही पाण्यात आटत नाही, पण कातरीखालून निसटते आणि फरशीवर ठेवली की स्वतःच तिरकी होते. त्यात छापील चौकड्या, आणि छपाई सुतापासून तीन बोटं कललेली. सुताप्रमाणं कापलं तर चौकड्या वाकड्या दिसणार, चौकड्यांप्रमाणं कापलं तर कापड ओढणार. आजीला असा पेच पडला नव्हता. मी त्यांना सांगितलं, की ही साडी वर ठिगळांत घेऊ, खाली मलमल लावू, बाळाच्या अंगाला तीच लागेल. त्यांना पटलं नाही. सासूची साडी बाळाच्या अंगाला लागावी म्हणूनच तर दुपटं हवं आहे, असं त्या म्हणाल्या.

मलमल काल भिजवून ठेवली आहे. साडी मशीनवर पडून आहे. घरी गेले की साडीमागं मलमल कच्च्या टाक्यांनी टाचून, दोन्ही मिळून एकच कापड समजून बघणार आहे. चौकड्या थोड्या वाकड्या दिसतील. मापाला मलमलीचं सूत धरीन.